आधी कोण, हे कोण ठरवणार?

आपल्याला कुणी ‘वनवासी बांधव’ म्हटलं की आपण गप्प बसतो. शब्द गोड वाटतो. पण राम वनवासाला गेला तो 14 वर्षं काढून अयोध्येला परतला. वन हे त्याचं घर नव्हतं. आमचं आहे. 1952 साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम निघाला, तेव्हापासून हा शब्द पेरला जातोय, आणि त्याला कारण आहे. ‘आदिवासी’ म्हटलं की ‘आदि’ येतं, म्हणजे आधीचे. मग नंतरचे कोण, हा प्रश्न उभा राहतो. ज्यांना देश वेदांपासूनच सुरू करायचाय, त्यांना तो नको आहे.

नुसता शब्द बदलून भागत नाही, म्हणून आता माती उकरायची. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाने 12 हजार वर्षांपासूनच्या भारतीय संस्कृतीचा उगम शोधायला समिती नेमली. आजचे हिंदू हेच या भूमीच्या पहिल्या रहिवाशांचे वंशज, असं सिद्ध करणं हा तिचा हेतू असल्याची बातमी 2018 साली रॉयटर्सने दिली. 2020 साली मंत्र्यांनी लोकसभेत समितीची यादी दिली. 16 जण, त्यात एकही बाई नाही. उत्तर आधी लिहून ठेवायचं आणि मग कुदळ मारायची, याला आम्ही शोध म्हणत नाही. जर्मनीत हिटलरच्या राज्यात हेच झालं. हिमलरने 1935 साली जर्मनांच्या पूर्वजांचा शोध घेणारी संस्था काढली. जुनी खापरं दाखवून शेजारच्या देशांतल्या जमिनीही आमच्याच म्हणाले, आणि तिथल्या माणसांना हाकललं, मारलं.

आता आपल्या भागाकडं बघा. बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरेच्या संगमाजवळ सोनगाव आहे. तिथं 1965 साली डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खणलं, तर तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. वर शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगावला तर 1968 ते 1983 खणणं चाललं होतं. घरं, धान्य, रंगवलेली मडकी, जनावरांची हाडं. लहान पोर गेलं तर दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. लांब नेऊन टाकत नव्हते. पुढं पाऊसमान घटलं, शेती सुटत गेली, माणसं शेरडं-मेंढरं आणि शिकारीवर आली, असं ढवळीकरांनी मांडलंय. आपल्या माळावर कुणाला याचं नवल वाटणार नाही. ही माणसं कुठली भाषा बोलत, ठाऊक नाही. ते आमचेच पूर्वज, असं आम्ही म्हणणार नाही, हाडांवर जात लिहिलेली नसते. पण मग ते दुसऱ्या कुणाचे, हेही दिल्लीने ठरवू नये.

इंदापूरकडं उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. फोटो छापून येतात, लोक होडीतून बघायला जातात. देऊळ बघण्यासारखंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पाण्यात लोकांची घरं, चुली गेल्या, त्या काही वर येत नाहीत. दगडाचं टिकतं, कुडाचं विरघळतं. मग पाल ठोकून राहिलेल्या फासेपारध्याचं काय सापडणार? इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा लावला, म्हणून त्याच्या आज्याचं नाव सापडलंच तर पोलिसांच्या वहीत.

आणि तोच पारधी फॉरेस्टच्या जमिनीवर वनहक्काचा दावा टाकतो तेव्हा त्याला विचारतात, कागद कुठाय? कायदा असं म्हणत नाही. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे, हजार वर्षांचा नाही. नियम 13 मध्ये जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं हा पुरावा धरलाय. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो, फक्त ते स्वतः दावेदार नसावेत. एकाहून जास्त पुरावे जोडायचे. अमुकच कागद आणा, असा हट्ट कुणाला धरता येत नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक वस्तीनं आपली विहीर, पुरण्याची जागा, देवाचा दगड नकाशावर लावून घ्यावा. आजी-आज्यांचे जबाब लिहून त्यावर अंगठे घ्यावेत. आणि दावा भरून देणाऱ्यानं कुठं ‘वनवासी’ लिहिलं असेल, तर सही करायच्या आधी खोडायला लावावं.