दार बंद करण्याची विद्या

शेतकरी व कारागीर बंधूंनो, क्लब चालविण्याचीही विद्या असते, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हॉटेल चालविण्याचे शिक्षण १९२२ साली सुरू झाले. क्लबांच्या व्यवस्थापकांची संघटना १९२७ साली निघाली. सभासद कसा टिकवावा, वर्गणी किती वाढवावी, व्यवस्थापकाचे व कमिटीचे कसे जमावे, यांवर आज तेथील पंडित संशोधन करितात. विद्येशी आमचे वैर नाही. पण क्लबाचा खरा माल कोणता? जेवण? मैदान? छे! ‘तू आत, तो बाहेर’ हाच तो माल.

हा माल आम्ही पंगतीत आणि पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल क्लबाने पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली घेतला, स्त्रिया २०१२ साली. इकडे बॉम्बे जिमखाना १८७५ साली गोऱ्यांसाठी निघाला. डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना त्याच मैदानावर झाला. लाला अमरनाथांनी शतक ठोकले, पण हिंदी माणसास तेथे सभासदत्व नव्हते!

तेव्हा पंडितांस आमचा सवाल आहे : बाहेर ठेवलेल्यांची मोजदाद तुमच्या कोणत्या वहीत आहे? कमिटी, वर्गणी, हिशेब हे तर आमच्या गावच्या सोसायटीतही आहेत. ही विद्या तिच्या दारी आणा. आणि बंधूंनो, तुम्हीही वार्षिक सभेस जा, हिशेबाची वही मागा. दार उघडते तीच विद्या. बाकी सारी पहारेकऱ्याची काठी!