बायोडाटा : लग्नाचा नव्हे, नोकरीचा

मैत्रिणींनो, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन "बायोडाटा करून द्या" म्हटलं की दुकानदार तयार नमुना उघडतो, नाव-पत्ता बदलतो आणि कागद हातात देतो. खाली 'मी कष्टाळू, प्रामाणिक व वेळेची पक्की आहे' हे वाक्य ठरलेलं. तुमच्या आधीच्या मुलीच्या कागदावरही तेच, नंतरच्याही! आता सांगा, जळगावच्या सराफी पेढीवर किंवा सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे असे चाळीस कागद आले, तर मालकानं तुम्हालाच का बोलवावं?

शिवाय आपल्याकडे बायोडाटा म्हणजे आधी लग्नाचा. त्यामुळे उंची, वर्ण, जात, यजमानांचा हुद्दा असं सगळं सवयीनं लिहिलं जातं. खासगी नोकरीच्या अर्जात याचं काहीच काम नाही. आधार क्रमांकही घालू नका. कागद कुणाकुणाच्या हाती जाईल, काय सांगावं? (सरकारी जागेचं वेगळं. तिथे ठरलेला अर्ज असतो, विचारलं तेवढं भरायचं.)

लिहायचं ते तुमचं काम. पण नेमक्या इथेच कितीतरी जणी अडतात. "मी काय केलं? घरीच तर होते!" आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तुम्हाला तर लिहिता येतं!

दुपारची झाकपाक झाली की वही घेऊन बसा. पैसे, माल किंवा माणसं सांभाळावी लागली अशी कामं आठवतील तशी उतरवा. बचत गटाच्या सचिव होतात? नाबार्डनं १९९२ साली गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गावोगावच्या बायका बैठकीचं इतिवृत्त, बचत, कर्जाचे हप्ते लिहीत आल्या आहेत. हे हिशेबनिसाचंच काम की! मग 'प्रामाणिक' म्हणण्याऐवजी असं लिहा : 'तीन वर्षे बारा जणींच्या गटाची सचिव. दरमहा प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे वर्षाला २८,८०० रुपये बचतीचा हिशेब ठेवला.' प्रामाणिकपणा त्यात आपोआप आला.

उन्हाळ्यात बिबड्या-पापडांच्या ऑर्डरी घेता? किती किलो, किती गिऱ्हाइकं, पुण्या-मुंबईला माल कसा पाठवता, ते लिहा. आकडा मात्र खराच हवा. फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

आणखी एक. सगळीकडे एकच कागद पाठवू नका. पेढीवर गिऱ्हाइकाशी बोलणं आधी लिहा, व्यापाऱ्याकडे हिशेब आधी. मधली वर्षं मुलांसाठी घरी होतात, तर तसं साल घालून एका ओळीत सांगा. लपवलं की उगाच शंका येते. एक पान पुष्कळ झालं. ओळखीच्या दोघांची नावं द्यायची असतील तर त्यांना आधी विचारा.

आणि फोन नंबर दोनदा तपासा. यजमानांचा नको, तुमचाच द्या. अर्ज पाठवल्यावर पंधरा दिवस तरी अनोळखी नंबर आला तर उचलत जा.