धुलाईयंत्राची गळती

उन्हाळ्यात बीदरकडच्या गावांतून पाण्याचा एकेक घडा किती मोलाचा होतो, हे वाचकांस सांगावयास नको. अशाच दिवसांत आमच्या घरच्या दोन टाक्यांच्या धुलाईयंत्राखाली रोज सकाळी थारोळे दिसू लागले. रात्री कपडे भिजत घालावे, आणि उजाडताच जमीन ओली! आम्ही प्रथम पाणी भरण्याची नळी बदलली. मग एका कारागिराच्या सांगण्यावरून नळाचे वायसर बदलले. दोन वेळा पैसे गेले, थारोळे तसेच राहिले. नळ तर रात्री बंदच असे. मग नळीचा दोष कसा असेल, हा साधा विचार आम्हांस सुचला नव्हता. आम्ही गळती शोधली नव्हती, नुसता तर्क लढविला होता.

वाचकहो, आमची चूक तुम्ही करू नका. यंत्र केव्हा गळते हे आधी पाहा, म्हणजे कोठे गळते ते आपोआप कळते. प्रथम बटन बंद करून प्लग काढावा. यंत्र सर्व बाजूंनी पुसून कोरडे करावे आणि खाली जुनी वर्तमानपत्रे पसरावी. मग नळ सोडून टाकी भरावी. भरतानाच कागद भिजला, तर दोष नळाच्या जोडात किंवा भरण्याच्या नळीत असतो. टाकी भरून नळ बंद केल्यावर एक तास थांबावे. तेवढ्यात पाणी ठिपकले, तर टाकीस चीर, तळच्या दांड्याचे झिजलेले रबरी सील, नाहीतर निचऱ्याची झडप हे संशयाचे धनी होत. पाणी सोडतानाच गळत असेल, तर निचऱ्याची नळी तपासावी. कपडे पिळताना गळत असेल, तर पिळण्याच्या टाकीखालचे रबर पाहावे. आणि जमिनीवर फेसच फेस दिसला, तर यंत्र निर्दोष असून साबण जास्त पडला असे समजावे.

आमच्या घरी उभ्या पाण्यानेच कागद भिजला. झडपेत पोलक्याचा एक हूक अडकला होता. त्यामुळे पाणी रात्रभर निचऱ्याच्या नळीत उतरे, आणि ती नळी पत्र्याच्या कडेस घासून चिरली होती. हूक काढला, नळीचा चिरलेला भाग कापून उरलेली नळी पट्टीने घट्ट आवळली. नव्या वस्तूची गरज पडली नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. यंत्रास हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ती विजेची गळती होय. त्या यंत्रास पुन्हा स्पर्श करू नये. घरचा मुख्य स्विच बंद करून जाणत्यास बोलवावे. प्लगची तिसरी, जाड पिन मोडू नये, आणि घरास खरे अर्थिंग आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा आर.सी.सी.बी. नावाचा स्विच बसविल्यास उत्तम. मोटारीच्या बाजूचे झाकण स्वतः उघडू नये; तेथील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते.

कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर नळीच्या तोंडाच्या जाळीवर पांढरा थर साचतो. ती जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून घासावी. कपडे टाकण्यापूर्वी खिसे तपासावे आणि हूक लावून घ्यावे.

एका थेंबाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब याप्रमाणे दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे सव्वाचार लिटर पाणी जाते. बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळात, १५ व्या शतकात, जांभ्या खडकातून भुयारी पाट कोरला गेला. त्यावर ठिकठिकाणी विहिरींसारखे उभे झरोके ठेवले आहेत. त्यांतून आत हवा व उजेड जाई आणि गाळ काढण्यास माणूस उतरे. जमिनीखालचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ज्या मातीत एवढे कष्ट झाले, तेथे आपल्या मोरीतील थेंबाकडे आपण काणाडोळा का करावा? आज संध्याकाळी यंत्राखाली एक कोरडा कागद पसरून पाहा.