याला कुठे बरे पाहिले?

नाटक-सिनेमा पाहताना काही माणसांना गोष्ट दिसते आणि काहींना नट दिसतात. आमची आई या दुसऱ्या पंथातली. पडद्यावर एखादा दाढीवाला ऋषी यावा, त्याने दोन वाक्यांत आशीर्वाद द्यावा आणि कमंडलू उचलून चालू लागावे, एवढ्यात आई म्हणणार, "अरे, हा तर परवाचा सेनापती!" मग ऋषी काय म्हणाला, कोणाला म्हणाला, हे सारे बाजूला राहते आणि घरात दुसरीच चर्चा सुरू होते.

हा छंद आमच्याच घरचा, अशी माझी समजूत होती. पण २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले आणि साऱ्या देशालाच तो जडला. रामानंद सागरांच्या १९८७ च्या त्या मालिकेत अस्लम खान नावाचे एक नट होते. कधी समुद्रदेव, कधी ऋषी, कधी कोणी राक्षस, जिथे माणूस कमी पडेल तिथे ते उभे! तेहतीस वर्षांनी लोकांनी त्यांना एकेका भागातून हुडकून काढले. रामाला ओळखण्यात कसली आली आहे हुशारी? समुद्रदेवाला ओळखावे, तर खरे!

आम्हां नाशिककरांना पंचवटीमुळे त्या कथेत वाटा आहेच. पण आईला मुळी अयोध्येत दशरथ आणि कौसल्या दिसतच नाहीत. तिला दिसतात बाळ धुरी आणि जयश्री गडकर. "खरेच नवराबायको हो ती!" असे ती माझ्या पत्नीला दर वेळी नव्याने सांगते. दशरथाच्या मृत्यूचा प्रसंग आला, की कौसल्येसाठी एकदा आणि जयश्रीबाईंसाठी एकदा, असे दोनदा डोळे पुसते. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'पासूनची ओळख. ती काय मुकुट घातल्याने पुसली जाणार?

आणि मंथरा! ललिता पवार म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या, येवल्याच्या. मूकपटांच्या काळात त्या नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात थप्पड खाण्याचा प्रसंग होता. ती थप्पड खरीच जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू अधू झाली आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. त्या बारीक डोळ्याने पुढे किती सुना छळल्या, याची मोजदाद कोणी करावी? सत्तरीच्या घरातल्या ललिताबाईंनी कैकेयीच्या कानाशी लागून तो डोळा मिचकावला, तेव्हा माझ्या मुलीला त्यांचा राग आला. आई तिला म्हणाली, "अगं, तो डोळा अभिनयाचा नाही, दुखण्याचा आहे." आणि लगेच 'अनाडी'तल्या मिसेस डिसाची गोष्ट सांगू लागली. तोच डोळा, पण तिथे त्यातून वात्सल्याखेरीज काही दिसत नाही. त्या भूमिकेसाठी बाईंना फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. मंथरा पाहताना मिसेस डिसा आठवणे, हा रसभंग म्हणायचा की काय?

आमचे एक प्राध्यापक स्नेही तसे म्हणतात. नट ओळखला की भूमिका मेली, असा त्यांचा सिद्धान्त. मला तो पटत नाही. १९१९ साली 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी ढसाढसा रडणाऱ्यांना ते बालगंधर्व आहेत हे का ठाऊक नव्हते? आपला प्रेक्षक एका डोळ्याने पात्र पाहतो आणि दुसऱ्याने नट, आणि त्याचे दोन्ही डोळे ओले होतात.

शिवाय या खेळाची सुरुवात आमच्या गावातच झाली, असे म्हणायला जागा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी नाशकात बिऱ्हाड थाटून १९१७ साली 'लंकादहन' काढला. त्यात राम अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच! चार वर्षांपूर्वी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीही तेच झाले होते; त्याआधी ते मुंबईच्या एका उपाहारगृहात कामाला होते. रामाने सीतेसाठी विलाप करावा आणि दोघांचा चेहरा एकच असावा, हे पाहताना लोकांच्या भक्तीत काही उणे पडल्याचे ऐकिवात नाही.

श्याम बेनेगलांनी 'भारत एक खोज'मध्ये (१९८८) तर हा प्रकार उघडच केला. त्रेपन्न भागांत पाच हजार वर्षे बसवायची, तर नट पुन्हा पुन्हा येणारच. ओम पुरी अशोक होऊन पश्चात्ताप करतात आणि काही भागांनंतर औरंगजेब होऊन दख्खनेकडे पाहतात. सदाशिव अमरापूरकरांना लोक 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी म्हणून भीत असत. ते इथे जोतीराव फुले झाले आहेत. दिलीप प्रभावळकरांपुढे मात्र आई हात टेकते. चिमणराव, 'झपाटलेला'तला तात्या विंचू आणि 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी हा एकच गृहस्थ, हे तिला माहीत आहे. पण पटलेले नाही.

ही झाली मोठी नावे. ज्यांना दोनच वाक्ये मिळाली, त्यांचे काय? मालिका संपली की नावे भराभर वर सरकत, आणि आम्ही तेव्हा पाने घ्यायला उठलेलो असू. अच्युत पोतदार कितीदा आमच्या दिवाणखान्यात येऊन गेले! लष्करात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर अभिनय. वडील, वकील, मास्तर, शेजारी, सारे होऊन झाले. पण '३ इडियट्स'मधल्या प्राध्यापकाच्या एका वाक्याने लोक त्यांच्याकडे वळून पाहू लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रात चेहरा पाहून "अरे, हे होय!" म्हणणारे किती तरी निघाले असतील.

आई आता पंच्याहत्तर वर्षांची आहे. चेहरा ती अजून क्षणात ओळखते, पण नाव ओठांशी येऊन अडते. म्हणून मुलीने एक दोनशे पानी वही केली आहे. डाव्या बाजूला भूमिका, उजव्या बाजूला नाव. भाग थांबवून, मागे नेऊन, अक्षरे वाचून ती नाव लिहिते. पण कित्येकांची नावे त्या यादीतही नाहीत. 'भारत एक खोज'मधलाच एक उंच, सडसडीत माणूस कधी भिक्षू, कधी मुनीम, कधी दरबारातला भालदार म्हणून दिसतो. त्याला आपण कालिदास कलामंदिरात एका नाटकात पाहिल्याचे आई छातीठोकपणे सांगते. कोणते नाटक, हे आठवत नाही. वहीत त्याच्या समोरची जागा गेला महिनाभर कोरी आहे. "खोडू नकोस गं," आई रोज नातीला बजावते. "वि-वरून काहीतरी आहे त्याचे नाव. रात्रीतून आठवेल."