नावांची जांगड

जांगडीचा माल मुदतीत परत करता येतो. हा व्यवहार सर्वस्वी पतीवर चालतो. परत करण्याच्याच हेतूने कोणी रोज गाडाभर माल उचलू लागला, तर ती प्रथाच बुडेल. इंटरनेटवर पेढीचा पत्ता ठरणाऱ्या डोमेन नावांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

‘.कॉम’सारख्या नावाची नोंदणी पाच दिवसांत रद्द केल्यास शुल्क परत मिळे. सवलत होती चूक सुधारण्यासाठी. सटोडियांनी मात्र लक्षावधी नावे घेऊन त्यांवर जाहिराती लावल्या आणि न कमावणारी नावे फुकट परत केली.

उपाय तीन होते: सवलत रद्द करणे, परत न मिळणारे अल्प शुल्क आकारणे, अथवा परताव्यास मर्यादा घालणे. पहिल्या उपायाने प्रामाणिक माणूसही भरडला गेला असता. ‘आयकॅन’ या नियामक संस्थेने २००८ मध्ये दुसरा व २००९ मध्ये तिसरा उपाय योजला. अशा रद्द नोंदण्या ९९.७ टक्क्यांनी घटल्या. सवलत राखून सट्टा महाग करणे, हेच शहाणपणाचे धोरण होय.

परंतु नाव अडवून बसणाऱ्यास ही मात्रा लागू पडत नाही. तेथे न्यायालयच हवे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’च्या तक्रारीवरून ‘रॅडिफ’ या नावास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणी डोमेन नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले.

पलसाण्याच्या व्यापारी बंधूंनी आपल्या पेढीचे नाव वेळीच नोंदवावे, आणि दुसऱ्याच्या नावाचा मोह धरू नये. अदत्तादानाचा त्याग केवळ मालापुरता नाही. नावासही तो लागू आहे.