कायद्यातली एक सवलत

शांग यांगचा विषय निघाला की सराईची गोष्ट हटकून येते. इ.स.पू. ३३८. प्राचीन चीनमधल्या छिन राज्याचा कालपर्यंतचा सर्वेसर्वा जीव मुठीत धरून सरहद्दीकडे पळाला आणि एका सराईच्या दारात उभा राहिला. मालकाने त्याला ओळखलं नाही. ओळखीचा दाखला नसलेल्याला ठेवलं तर मलाच शिक्षा होईल, शांग सरदारांचा तसा कायदा आहे, असं सांगून त्याने दार लावलं. करावे तसे भरावे, असं म्हणून ऐकणारे खूश होतात. इतिहासकार सिमा छियेनने दोन शतकांनंतर ही गोष्ट इतकी रंगवून लिहिली की बाकीचा शांग यांग तिच्याआड गेला.

मला तो बाकीचाच महत्त्वाचा वाटतो. वेई राज्यात कुणी विचारेना म्हणून हा माणूस इ.स.पू. ३६१मध्ये पश्चिमेच्या छिनमध्ये आला. पूर्वेकडची राज्ये छिनला अडाणी समजत. तिथला राजा श्याओ मात्र कर्तबगार माणसं शोधतच होता. यांगने पाच-दहा घरांचे गट बांधले. एकाचा गुन्हा शेजाऱ्यांनी लपवला तर शिक्षा सगळ्यांना. रणांगणावर पराक्रम नसेल तर राजघराण्यातल्यांचाही मान गेला. चुगलीवर उभी केलेली ही शिस्त मला भयंकर वाटते. पण शांघायच्या संग्रहालयातलं त्याचं काशाचं माप बघा. इ.स.पू. ३४४चं, मुठीचं, चौकोनी, जेमतेम २०० मिलिलिटरचं. धान्याच्या रूपात सारा भरणाऱ्या कुळाला मापातलं पाप रोजचंच. इथे माप सरकारने ठरवून दिलं. त्याच मापाच्या तळावर १२३ वर्षांनी चीनच्या पहिल्या सम्राटाचा आदेश कोरला गेला. माप तेच राहिलं.

यांगच्या मागे हा कारभार किती खोल उतरला, ते १९७५ साली हुपेई प्रांतात एका कारकुनाच्या थडग्यात सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवर दिसतं. सरकारी बैलांची वर्षातून चारदा तपासणी. नांगराला जुंपलेल्या बैलाचा घेर कमी भरला तर इंचामागे दहा फटके, सांभाळणाऱ्याला. बैल उत्तम राखले तर अधिकाऱ्याला दारू आणि सुकं मांस.

एवढ्या काटेकोर माणसाने एके ठिकाणी कच खाल्ली. युवराजाने कायदा मोडला. वरचेच लोक कायदा मोडतात म्हणून तो चालत नाही, असं यांग स्वतः म्हणाला, पण उद्याच्या राजाला हात लावायचा कुणी? शिक्षा झाली युवराजाच्या गुरूंना. एकाच्या चेहऱ्यावर गोंदलं गेलं. दुसऱ्याचं पुढे वेगळ्या गुन्ह्यासाठी नाक कापलं. राजा हयात होता तोवर हे खपून गेलं. तो गेला आणि युवराज गादीवर आला तेव्हा त्याच गुरूच्या माणसांनी यांगवर राजद्रोहाचा आळ घेतला. सराईवाल्याने आपलं काम चोख केलं होतं. यांगला नडली ती युवराजाला दिलेली सूट.

नव्या राजाने यांगच्या देहाच्या रथांकरवी चिंधड्या केल्या, त्याचं घरदार संपवलं आणि त्याचे कायदे जसेच्या तसे ठेवले. त्यांच्यामुळे राजाचं कोठार भरत होतं, सैन्य वाढत होतं, आणि त्यातलं एकही कलम राजाला लागू नव्हतं. ते मोडायला राजाला वेड लागलं होतं थोडंच!

– दप्तरदार