स्वल्पविरामाचे राखणदार



आपल्याकडची मुलं बारावीपर्यंत साल्मिया नाहीतर अब्बासियातल्या भारतीय शाळेत शिकतात आणि मग पुण्याला, मणिपालला किंवा थेट टोरंटोला जातात. पहिल्या सहामाहीत घरी फोन येतो. जेवण, थंडी, रूममेट हे सगळं सांगून झाल्यावर हळूच कळतं, की निबंध चांगला झाला होता पण संदर्भयादी नियमाप्रमाणे नव्हती म्हणून मार्क गेले. "अरे, पण संदर्भ दिले होतेस ना?" दिले होते हो, पण स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला होता!

हसू नका. प्रबंध लिहिला की आपण कुणाचं काय वाचलं हे शेवटी सांगावं लागतं आणि ते सांगण्याची प्रत्येक नियतकालिकाची रीत निराळी. एकाला आडनाव आधी हवं, दुसऱ्याला आद्याक्षरं. एकाला वर्ष कंसात, दुसऱ्याला शेवटी. मानसशास्त्रवाल्यांची एपीए पद्धत, डॉक्टरांची व्हँकूव्हर, आम्हां इंजिनीयर लोकांची आयईईई, तिच्यात नुसते चौकटी कंसातले आकडे. आम्ही परदेशात मास्टर्स केलं तेव्हा ही यादी हातानंच करावी लागे. एका जर्नलनं लेख परत पाठवला, की दुसऱ्याकडे धाडण्याआधी दोन रात्री टिंबं इकडची तिकडे करण्यात जायच्या.

२००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या मंडळींनी 'झोटेरो' नावाचा प्रोग्रॅम काढला आणि तो सर्वांना फुकट दिला. आता मुलं यादीतून जर्नलचं नाव निवडतात, बटण दाबतात आणि शंभर संदर्भ क्षणात नव्या रीतीनं मांडले जातात. पण त्या बटणाला हजारो जर्नलांच्या रीती कुणी शिकवल्या? आज त्याच लोकांबद्दल लिहायचं आहे.

ओहायो राज्यातले भूगोलाचे प्राध्यापक ब्रूस डार्कस यांनी संदर्भाचे नियम संगणकाला समजतील अशा रीतीनं लिहिण्यासाठी एक भाषा तयार केली. तिचं नाव सायटेशन स्टाइल लँग्वेज, थोडक्यात सीएसएल. ती वाचून यादी तयार करणारा एक महत्त्वाचा प्रोग्रॅम फ्रँक बेनेट यांनी लिहिला. हे गृहस्थ जपानात नागोयाला कायदा शिकवणारे! एका जर्नलचे नियम म्हणजे एक फाईल आणि अशा फायलींचं एक सामायिक भांडार. आज त्यात दहा हजारांहून अधिक रीती आहेत. झोटेरोच नव्हे, मेंडेलीसारखे इतर प्रोग्रॅमही तिथूनच घेतात. कुणीही वापरावं, बदलावं. अट इतकीच, की मूळ कर्त्यांचं नाव राखावं आणि पुढेही तसंच खुलं ठेवावं.

आता दहा हजार फायली सांभाळायच्या म्हणजे काय, ते आपल्या घरातल्या पाककृतीच्या वहीवरून पाहा. चकलीच्या पानावर आजी भाजणीची कृती पुन्हा लिहीत नाही. "भाजणी मागील पानाप्रमाणे" एवढंच लिहिते. या भांडारातल्या बहुतेक फायली अशाच आहेत. आत जर्नलचं नाव, त्याचा क्रमांक आणि "नियम अमक्या मूळ फायलीप्रमाणे". एका प्रकाशकाची शेकडो जर्नलं एका मूळ फायलीवर चालतात. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. भाजणीत मीठ जास्त झालं, तर त्या दिवाळीतलं सगळंच खारट!

म्हणून राखणदार लागतात. नवी फाईल आली, की आधी संगणक तिची तपासणी करतो, मग एक माणूस ती वाचतो आणि जर्नलच्या छापील नियमांशी ताडून पाहतो. राज्यशास्त्राचे सेबास्टियन कार्चर, जैवतंत्रज्ञानातले रिंत्झे झेले अशांनी आपापला व्यवसाय सांभाळून वर्षानुवर्षं हे काम केलं. कुणाचा तरी स्वल्पविराम चुकला म्हणून संध्याकाळ घालवायची, आणि ज्याचा मार्क वाचला त्याला आपलं नावही ठाऊक नसायचं!

शिवाय हे काम संपणारं नाही. एपीएनं २०१९ मध्ये सातवी आवृत्ती काढली आणि ग्रंथाच्या नोंदीतून प्रकाशनाचं गाव काढून टाकलं. मूळ फाईल बदलावी लागली, आणि जुन्या नियमांनी अर्धा प्रबंध झालेल्यांसाठी सहावी आवृत्ती वेगळी जपावी लागली. आपल्या कुवेतचंच पाहा. कुवेत विद्यापीठाचं 'मेडिकल प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस' स्वित्झर्लंडच्या कार्गर प्रकाशनाकडून निघतं. 'कुवेत जर्नल ऑफ सायन्स' २०२३ पासून एल्सेव्हियरकडे गेलं. घर बदललं की रीती बदलतात आणि ते कुणीतरी भांडाराला कळवावं लागतं.

हे वाचताना आम्हांला शंकर गणेश दाते आठवतात. त्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली. ती १९४३ मध्ये निघाली. १९५० पर्यंतचा दुसरा भाग यायला १९६१ साल उजाडलं. पुढच्या वर्षांचं काम शरद केशव साठे यांनी हाती घेतलं. मराठीत काय छापलं गेलं हे आज शोधता येतं ते अशा माणसांमुळे. पण एकाच माणसाच्या खांद्यावरचं काम त्याच्याच वेगानं चालतं, हेही त्या सालांवरून दिसतं. सामायिक भांडाराचा फायदा तो हाच.

मग त्या भांडारात आपल्या मराठीचं काय? यंत्राला "आद्याक्षर घे" एवढंच सांगितलं, तर 'पुरुषोत्तम'मधला तो नुसता 'प' उचलेल, कारण संगणकाच्या दृष्टीनं उकार हे वेगळं चिन्ह. पु. ल. देशपांडे व्हायचे प. ल. देशपांडे! त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे 'त्र्यं.' तर त्याला कसे सुचावेत? ज्ञानेश्वरांना 'ज'मध्ये बसवायचं की वर्णमालेच्या शेवटी? 'संपादक'चं 'संपा.' की 'सं.'? "आणि इतर" लिहायचं की "व इतर"? सीएसएलमध्ये प्रत्येक भाषेच्या अशा शब्दांची वेगळी फाईल असते, पण शब्द ठरवायचे त्या भाषेच्या लोकांनीच. ओहायोच्या किंवा नागोयाच्या प्राध्यापकांनी ते ठरवावं अशी अपेक्षा करणं बरं नव्हे.

तेव्हा दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, मुलांना सांगा, यादीत चूक दिसली तर ती फक्त आपल्या प्रबंधात हातानं सुधारून गप्प बसू नका. जर्नलमधला छापील नमुना जोडून ती भांडाराला कळवा. तुमची दहा मिनिटं जातील, पण पुढच्या हजारांचं काम होईल. दुसरी, आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, ग्रंथालयात काम केलेल्या वहिनी आहेत, संगणकवाले तर पैशाला पासरी. एखाद्या शुक्रवारी चार डोकी एकत्र बसली, तर मराठीतले 'पृ.', 'आ.', 'संपा.' यांचा एक नीट तक्ता होईल आणि तो तिथे पाठवता येईल.

'संपा.' की 'सं.' यावर भांडण होणार, हे गृहीत धरूनच चहाची सोय करावी. इच्छुकांनी मंडळाकडे नाव द्यावं.